बाकी आइंदा

आमच्या गावातील वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक छोटी बैठक भरते. गाव कोकणातले, खाडीच्या काठावरचे. वीस-पंचवीस माणसे जमतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, बोटीवरची नोकरी संपवून घरी परतलेले खलाशी असतात, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली असतात आणि भिंतीकडेच्या बाकावर बसणाऱ्या दोन-चार वयस्कर बायाही असतात. बैठकीची प्रथा साधी आहे. कोणीतरी एकाने आपण वाचलेल्या पुस्तकाचा आरंभ ऐकवायचा, मग मधले दोन-तीन उतारे ऐकवायचे, आणि ज्याला पुढचे जाणून घ्यायचे असेल त्याने पुस्तक घरी न्यायचे. एवढाच हेतू. ही बैठक सुरू करणारा मीच. तिथे जे घडले त्याचा काही भाग माझ्या माथी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी बी.ए.ला असलेल्या एका मुलीने एक इंग्रजी कादंबरी निवडली. तिच्या भावाने मुंबईच्या फुटपाथवरून रद्दीच्या भावात आणलेली. लेखिका डेबी मॅकोम्बर, कादंबरी '१६ लाइटहाउस रोड', प्रकाशन २००१ सालचे. अमेरिकेत अशा कादंबऱ्यांचा एक वेगळा कप्पाच आहे. लहान गाव, एकमेकांना ओळखणारी माणसे, आणि त्यांत जुळणारे किंवा तुटता तुटता वाचणारे प्रेम. या कादंबरीतले सीडर कोव्ह हे गाव लेखिकेने वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट ऑर्चर्ड या खऱ्या गावावरून रचले. तेही पाण्याच्या काठचे. जवळच ब्रेमरटन येथे आरमाराची मोठी गोदी आहे. घरातला पुरुष समुद्रावर आणि बाई किनाऱ्यावर, ही गोष्ट तिथे नवी नाही. आमच्याकडेही नाही. मुलीला ही कादंबरी का भावली असावी, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते.

कथेचा आरंभ कोर्टाचा आहे. एक अगदी तरुण जोडपे विभक्त होण्यासाठी आले आहे. दोघांनाही लग्न नको आहे. समोर कुटुंब न्यायालयाच्या न्यायाधीशबाई आहेत. कागद तयार आहेत, भांडण नाही, वकिलांना फारसे काम नाही. आणि तरीही न्यायाधीशबाई त्यांची मागणी मान्य करीत नाहीत. गावच्या वर्तमानपत्राचा संपादक त्या दिवशी नेमका कोर्टात हजर असतो, आणि निकालाची गोष्ट गावभर होते.

मुलीने हा प्रसंग आपल्या साध्या मराठीत फार नेटका मांडला. तिच्या वहीत आणखी दोन उतारे होते. पण नकारापाशी ती आली तेव्हा बैठकीत जी चुळबुळ सुरू झाली ती पाहून मला मोह झाला. मी म्हणालो, "इथेच थांब, बेटा. आधी चर्चा होऊ दे." ती म्हणाली, "सर, पुढचं ऐकल्याशिवाय..." मी हातानेच तिला बसायची खूण केली.

चर्चा रंगली यात शंका नाही. एक निवृत्त खलाशी म्हणाले, "दोघांना नको आहे तर न्यायाधीशाने मध्ये का पडावे? आपल्याकडे मुबारात आहे, खुला आहे. राजीखुशीने वेगळे होता येते." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "पाहा, अमेरिकेतसुद्धा घाईने सोडचिठ्ठी देत नाहीत. आम्हालाच उगाच बदनाम करतात." एका तरुण वकिलाने २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला, पाच न्यायमूर्तींचा, तीन विरुद्ध दोन. मग कोणी २०१९चा कायदा काढला, कोणी १९८५चे शाहबानो प्रकरण. जोडपे बाजूला राहिले. आम्ही सगळे आपापल्या जुन्या जखमा त्या कोऱ्या जागेत लिहू लागलो. मगरिबची वेळ झाली तशी निम्मी बैठक उठून गेली.

तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, दुसरा उतारा राहिला." उरलेल्या दहा-बारा जणांसमोर तिने तो सांगितला. या जोडप्याला मुलगी झाली होती आणि ती जगली नाही. नवरा आरमारात, पाणबुडीवर. मूल जन्मले आणि गेले तेव्हा तो समुद्रात होता. बायकोने ते दुःख एकटीने सोसले. दोघांमध्ये भांडण असे काही नव्हतेच. मध्ये एक लहानगी कबर होती आणि तिच्याविषयी बोलण्याची भाषा दोघांजवळही नव्हती. न्यायाधीशबाईंचाही मुलगा लहान वयात गेलेला आणि त्यानंतर त्यांचा स्वतःचा संसार मोडलेला. त्यांच्या नकारामागे कायद्याच्या कलमापेक्षा ही आठवण अधिक होती.

खोलीत कोणी बोलेना. मग भिंतीकडच्या बाकावरून एक खाला बोलल्या. वीस बैठकींत त्यांनी तोंड उघडले नव्हते. म्हणाल्या, "आमचे हे बोटीवर होते. पोरगा गेला. मय्यत उचलली, दफन झालं, तार गेली. पुढच्या बंदराला तार मिळाली तेव्हा पोराला जाऊन बारा दिवस झाले होते. आठ महिन्यांनी आले तेव्हा मला त्यांचं तोंड पाहवेना. त्या दिवशी कोणी माझ्यापुढे कागद ठेवला असता तर मी अंगठा दिला असता." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "कोणी ठेवला नाही. चाळीस वर्षं झाली."

असो. बैठक संपली. पण मगरिबला उठून गेलेल्यांनी पहिला तुकडा बरोबर नेला होता. पुढच्या जुम्म्यापर्यंत गावात दोन गोष्टी पसरल्या. एका मोहल्ल्यात म्हणत होते की वाचनालयात कॉलेजच्या पोरी घटस्फोटाची वकिली करतात. दुसऱ्या मोहल्ल्यात म्हणत होते की बाईने कितीही सोसावे, तिला सुटका देऊ नये, असे तिथे शिकवतात. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलट, आणि दोन्ही त्या एकाच उताऱ्यातून निघालेल्या. खालांनी जे सांगितले तेही फुटले. त्यांच्या मुलाने आईला विचारले म्हणे, घरातले परक्यांपुढे का काढलेस?

त्या मुलीचे वडील माझ्याकडे आले. सभ्य गृहस्थ. म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण थोरलीच्या सोयरिकीचं बोलणं चालू आहे. धाकटी आता येणार नाही." मी त्यांना बसवून सबंध कादंबरी सांगितली. ते जोडपे शेवटी पुन्हा एकत्र येते, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मला पटलं, सर. पण हे त्यांना कोण सांगणार?"

त्यांच्या या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. तुकडा पायाने चालतो. तो चहाच्या टपरीवर जातो, मोबाइलवर जातो, लग्नघरात जातो. सबंध गोष्टीला मात्र कोणीतरी बसून ऐकणारा लागतो. म्हणून तुकडा सोडून देणाऱ्याची जबाबदारी सबंध गोष्ट सांगणाऱ्यापेक्षा मोठी असते, असे मला वाटू लागले.

आपल्या भाषेत अशा तुकड्याला उतारा म्हणतात. हाच शब्द जमिनीच्या कागदालाही आहे. सातबाराचा उतारा कोकणातल्या पोराबाळांनाही ठाऊक असतो. त्यात जमीन कोणाच्या नावे आहे एवढेच नसते. 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. त्यात कर्जाचा बोजा असतो, कुळाचे नाव असते, बहिणीचा हक्क असतो. तो रकाना झाकून कोणी जमीन दाखवली तर त्याला आपण काय म्हणू? त्याने खोटे एक अक्षर लिहिलेले नसते. तरी आपण त्याला लबाडच म्हणतो. पुस्तकाचा उतारा काढणाऱ्यालाही हाच नियम लावला पाहिजे. मी त्या मुलीला थांबवले तेव्हा नेमका 'इतर हक्क'चा रकाना झाकला होता. त्या रकान्यात एका बाळाचे नाव होते.

प्रेमकथेच्या बाबतीत तर हा अन्याय दुप्पट होतो. अमेरिकेत १९८० साली प्रणयकादंबरीकारांची एक संघटना स्थापन झाली. तिने या प्रकाराची व्याख्या दोनच अटींत केली. कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवे, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. आपले समीक्षक या दुसऱ्या अटीला हसतात. शेवट आधीच ठरलेला, मग वाचायचे काय? मीही हसत असे. आता वाटते की तो एक करार आहे. पहिल्या पानावर मेलेले मूल, तुटलेले लग्न, विधवा बाई हे सारे वाचक सोसतो, कारण लेखिकेने त्याला शब्द दिलेला असतो की मी तुला इथे सोडून जाणार नाही. रॉबिन कार यांच्या २००७च्या 'व्हर्जिन रिव्हर'मध्ये नवरा गमावलेली एक परिचारिका मोठे शहर सोडून डोंगरातल्या गावी येते. पाऊस, चिखल, राहायला दिलेली खोपटी मोडकी आणि घाणेरडी. ती दुसऱ्याच दिवशी परत जायला निघते. तेवढ्यात डॉक्टरांच्या दारात कोणीतरी टाकून गेलेले तान्हे मूल दिसते आणि ती थांबते. पहिल्या प्रकरणावरून गाव ठरवायचे तर तिचे परत जाणेच बरोबर होते. शोकांतिकेचा तुकडा एकटा वाचला तरी फारसे बिघडत नाही, कारण तुकड्यातही दुःख आणि शेवटीही दुःखच असते. प्रेमकथेचा आरंभ तोडून घेतला की दुःख तेवढे हाती राहते आणि दिलेला शब्द मागे पडतो.

मात्र इथे मला स्वतःलाच अडवले पाहिजे. जोडपे शेवटी एकत्र आले म्हणून न्यायाधीशबाईंचा नकार योग्य ठरला, असे म्हणायचे का? तसे म्हणता येणार नाही. कादंबरीकाराच्या हातात शेवट असतो. काझीच्या किंवा न्यायाधीशाच्या हातात तो नसतो. खालांपुढे कोणी कागद ठेवला नाही हे त्यांच्या बाबतीत बरे झाले असेल. पण त्याच बाकावर अशीही बाई बसलेली असू शकते की जिच्यापुढे वेळीच कागद यायला हवा होता आणि आला नाही. खालांच्या चाळीस वर्षांचा दाखला देऊन तिला गप्प करणे म्हणजे पुन्हा एक तुकडा सबंधाच्या जागी बसवणेच. कथेतून आपण समज घ्यावी, हुकूम काढू नये. एका उताऱ्यावरून तर मुळीच नाही.

हे सारे पुस्तकांपुरते असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आपण ज्या समाजात जन्मलो त्याला तुकड्यावरून वाचले जाण्याचा अनुभव नवा नाही. दारावरची पाटी हीसुद्धा एक आरंभाची ओळच असते. भाड्याने खोली बघायला गेलेल्या आपल्या मुलाचे नाव विचारले जाते आणि तेवढ्यावर त्याची सबंध कादंबरी वाचून झालेली असते. १९८५ नंतर आपल्या घरातल्या निकाहांची गोष्ट बाहेरच्यांनी बरीचशी एकाच परिच्छेदावरून वाचली. तीन वेळा उच्चारलेला एक शब्द, बस्स. त्या घरातली चाळीस वर्षे, बंदरावरची तार, आठ महिन्यांची वाट, यांतले काहीच त्या परिच्छेदात नव्हते. याची चीड येणे स्वाभाविक आहे.

पण चीड येऊन आपण काय केले? सबंध पुस्तक उघडून दाखवले का? बहुतेक वेळा आपण तो परिच्छेद आपल्या पुस्तकात नाहीच असे म्हटले. १९६६ साली हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी मोर्चा काढला. त्या नेमके एवढेच सांगत होत्या की हेही पान आमच्या पुस्तकात आहे, ते वाचा. समाजाने तेव्हा त्यांचे किती ऐकले, हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्याने एक पान फाडून मिरवणे आणि आपण तेच पान चिकटवून टाकणे, या दोन्ही कृतींनी पुस्तक अपुरेच राहते. फाडणाऱ्याला आपण नावे ठेवतो. चिकटवणाऱ्यालाही ठेवली पाहिजेत, आणि तो चिकटवणारा बहुधा आपल्याच घरात असतो.

आपल्या घरात या दोषाला नावही आहे. अट गाळून हुकूम तेवढा सांगणारा, अर्धी आयत पढून मोकळा होणारा माणूस हा आपल्याकडे थट्टेचा विषय असतो. गीबत वाईट, तोहमत त्याहून वाईट, आणि मजलिसीत ऐकलेली गोष्ट ही अमानत, हे लहानपणी सगळ्यांच्या कानावर पडलेले असते. मग खालांची अमानत गावात कशी पोहोचली? त्या दिवशी शेवटी उरलेले आम्ही दहा-बारा जण होतो. कोणी नेली हे मी विचारले नाही. सगळेच भले लोक. त्यांनी कौतुकानेच सांगितले असेल. वाईट हेतूशिवायही अमानतीत खयानत होते, एवढे मी त्यातून शिकलो.

मग उतारे वाटूच नयेत का? पुस्तकाचा आरंभ कोणाला ऐकवू नये? तसे केले तर वाचनालय बंदच करावे लागेल. तुकड्याशिवाय सबंधापर्यंत कोणी पोहोचत नाही. मला माझ्या आईची आठवण होते. त्या काळी आमच्याकडे दिल्लीहून निघणारी 'शमा', 'बानो' ही उर्दू मासिके यायची. शेजारच्या गुरुजींकडे मराठी मासिके यायची. दोन्हींत कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापून येत. मराठीला ही सवय फार जुनी. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' लोकांनी १८९०च्या दशकात 'करमणूक' पत्रातून अशीच तुकड्यातुकड्याने वाचली. आई उर्दू हप्ता मोठ्याने वाचायची आणि आजूबाजूच्या बाया ऐकायच्या. नायिकेने घर सोडले की एखादी बाई लगेच म्हणायची, "बदचलन आहे मेली." आई मासिकाच्या तळाशी बोट ठेवून म्हणायची, "थांब, अजून बाकी आइंदा आहे." मराठी मासिकात त्याच जागी 'क्रमशः' असे.

हे दोन शब्द मला आता फार मोलाचे वाटतात. तुकडा देताना त्याच्या तळाशी ते लिहिलेले असायचे. जे दिले ते पुरे नाही, पुढे आणखी आहे, तोवर निकाल देऊ नका, असा तो इशारा होता. महिनाभर सबुरीने राहायला तो बायांना शिकवायचा, आणि त्या राहायच्या. आज आपल्या मोबाइलवर जे तुकडे येतात त्यांच्या तळाशी हे दोन शब्द नसतात. चार ओळी, एक फोटो, अर्ध्या मिनिटाचे दृश्य. प्रत्येक तुकडा आपणच सबंध असल्याच्या थाटात येतो. आणि जिथे शेवट दिलेला नसतो तिथे आपण तो स्वतः जोडतो. दुसऱ्याच्या गोष्टीला आपण सहसा चांगला शेवट जोडत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

२००९ साली पोर्ट ऑर्चर्डच्या लोकांनी आपल्या गावात सीडर कोव्हच्या नावाने उत्सव भरवला. दूरदूरचे वाचक तो पाहायला आले. एखादे गाव आपल्यावर रचलेली गोष्ट, तिच्यातल्या मोडलेल्या संसारांसकट, आनंदाने आपली म्हणू शकते याचे मला नवल वाटले. अर्थात तिथे लोकांनी सबंध मालिका वाचली होती. आमच्या गावाला मी एकच उतारा दिला, तोही अर्धा.

पुढच्या बैठकींत मी ती सारी कादंबरी तीन भागांत सांगितली. नऊ-दहा जण होते. ती मुलगी नव्हती. आज ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. मध्यंतरी एका लग्नात भेटली तेव्हा मी तिची माफी मागितली. म्हणालो, लोक फार बोलले, तुला त्रास झाला. ती म्हणाली, "सर, लोक बोलले त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. लोक बोलणारच. मी पुढचं सांगते म्हणत होते, आणि तुम्ही मला थांबवलंत."

मला उत्तर सुचले नाही. बैठक अजून दर महिन्याला भरते. आरंभ ऐकवतो, उतारेही ऐकवतो. चर्चेची वेळ मात्र आता सगळ्यात शेवटी ठेवली आहे. ज्याला मधेच उठून जायचे असेल त्याला दारापाशी एवढेच सांगतो की आपण ऐकले ते अर्धे आहे, बाहेर सांगाल तेव्हा हेही सांगा. काही जण सांगतात. काही जण सांगत नाहीत.